झाकणाची दुसरी बाजू

क्रिस्टुप पुर्विनला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. आपलं एक चित्र शहरातल्या भिंतीवर लागावं. माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि उजेड डाव्या खिडकीतून पडेल असं. कुठलंही चित्र नव्हे, ते एकच. मागणं तसं मोठं नव्हतं. पण काही माणसांचं लहानसं मागणंच हट्टाने अडून बसतं.

तो वाळूच्या पट्टीवर जन्मला. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मधे पन्नास-साठ घरं. बाप मासे मारायचा आणि हिवाळ्यात खाडी गोठली की होड्यांच्या डोलकाठीवर लावायची लाकडी निशाणं कोरायचा. निशाणावर घर, झाड, चर्च, हरीण, वाटेल ते कोरावं. रंग मात्र सरकारने ठरवून दिलेले. प्रत्येक किनाऱ्याचे वेगळे. या गावाच्या वाट्याला काळा आणि पांढरा आला होता.

अकरा वर्षांच्या क्रिस्टुपने एका निशाणावर पांढऱ्याच्या जागी लाल लावला. मासेमारी तपासनिसाने भर खाडीत होडी अडवली. मालक ओरडत घरी आला. बापाने पोराला समोर उभं केलं.

"पांढरा संपला होता?"

"नाही."

"मग?"

"त्या दिवशी वारा लाल होता."

बापाने कानाखाली दिली. मग जेवताना बायकोला म्हणाला, "वारा लाल होता म्हणे. उद्या म्हणेल, मासे रडत होते. हा पोटापाण्याचा राहिला नाही बघ."

बापाचं बोलणं खोटं ठरायला हवं होतं. काही दिवस तसं वाटलंही. पाद्रीबाबांनी पोराच्या हातचे कागद शहरातल्या कलाशाळेत धाडले, आणि एकोणिसाव्या वर्षी क्रिस्टुप आईची लग्नातली लाकडी पेटी घेऊन कोनिग्सबर्गला गेला. तिथे दोन वर्षं त्याने प्लास्टरचं पाऊल काढलं. आधी डावं, मग उजवं.

"पुर्विन," प्राध्यापक म्हणायचे, "सावलीत काळा नसतो. तपकिरी असतो, जांभळा असतो. काळा म्हणजे आळस."

क्रिस्टुपच्या गावात होड्यांचं डांबर काळं होतं. विधवांचे रुमाल काळे होते. ऑक्टोबरात आभाळ भरून येणाऱ्या करड्या कावळ्यांची डोकी काळी होती. यातला आळस कुठला, हे त्याला कळलं नाही.

दुसऱ्या वर्षी सगळ्या वर्गाने एल्क काढला. तो पाइनच्या रानात फिरणारा भलामोठा, रुंद शिंगांचा हरणासारखा प्राणी त्या काळी शहरातल्या प्रत्येक बैठकीत टांगलेला असायचा. कॅनव्हास परवडत नव्हता, म्हणून क्रिस्टुपने पेटीचं झाकण बिजागऱ्यांसकट काढलं आणि त्याच्या आतल्या बाजूवर चित्र केलं. संध्याकाळ, धुकं, पाण्यात पाय बुडवून उभा असलेला एल्क. प्राध्यापकांनी खांद्यावर हात ठेवला. क्रिस्टुपने कोपऱ्यात वळणदार अक्षरात सही केली. खाली साल घातलं, १९०४.

त्याच हिवाळ्यात बापाची घसरगाडी बर्फ फुटून खाडीत गेली. घोड्यासकट, बापासकट. क्रिस्टुप बिनझाकणाची पेटी आणि झाकण वेगवेगळं घेऊन घरी आला.

आईने पेटीवर शिडाचं कापड टाकलं. तीन वर्षांनी तीही गेली, आणि घरात क्रिस्टुप आणि आईची थोरली बहीण उर्टे अशी दोनच माणसं उरली.

उर्टेमावशी साठीची. अंगाने सुकी, आवाजाने ओली. सगळे दात शाबूत. त्या दातांची गावात कीर्ती होती. ऑक्टोबरात कावळ्यांचे थवे उत्तरेकडून आले की माणसं वाळूवर जाळं पसरायची, मासळीचं आमिष टाकायची, पायाला दोरी बांधलेले दोन-तीन कावळे फसवायला उभे करायची, आणि पाइनच्या फांद्यांच्या खोपीत दोरी धरून बसायची. थवा उतरला की दोरी ओढायची. मग धावत जाऊन एकेक कावळा उचलायचा आणि त्याच्या डोक्याची कवटी दातांखाली फोडायची. झटकन. सुरी नको, रक्त नको, पीस खराब व्हायला नको. मांस पिंपात मीठ लावून हिवाळ्यासाठी ठेवायचं. उरलेलं शहरात विकायचं.

"कावळ्याला कळतसुद्धा नाही," मावशी म्हणायची. "तोंडाची चव माझी जाते."

खोपीत दोरी धरून बसलेला असताना एका पहाटे क्रिस्टुपने ते पाहिलं. मावशी जाळ्यापाशी उभी होती. सूर्य वर आला नव्हता. वाळूवरून वर फेकलेला उजेड तिच्या चेहऱ्यावर खालून पडत होता आणि चेहरा हिरवा दिसत होता. शेवाळासारखा नव्हे, जुन्या तांब्यावर गंज चढतो तसा. मानेखाली काळं. निव्वळ काळं. पाठीमागची टेकडी सोललेल्या मांसासारखी. दातांत कावळ्याचं डोकं, आणि डोळे भलतीकडेच, समुद्राकडे. घरी चुलीवर काही ठेवून आल्यासारखे.

"मेल्या, दोरी!" मावशी ओरडली. "दोरी सोडलीस की रे!"

अर्धा थवा उडून गेला होता.

ते चित्र करायला त्याला दोन वर्षं लागली. एवढी रुंद फळी गावात दुसरी नव्हती, म्हणून त्याने पेटीचं झाकण उलटं केलं. एल्क भिंतीकडे गेला. बाहेरच्या बाजूवर उर्टेमावशी आली. पहिल्यांदा काळ्यासाठी होडीचं डांबर वापरलं. उन्हाळ्यात ते ओघळून मावशीच्या हनुवटीवरून खाली आलं. खरवडून काढलं. दुसऱ्यांदा काजळी आणि जवसाचं तेल. चेहरा सात वेळा पुसला. दिवसभर होडीवर जाळी ओढून हात सुजलेले असायचे, आणि सुजल्या हाताने रेघ काढली की ती जाड यायची. शेवटी त्याने जाड रेघच ठेवली.

"मावशी, हात वर."

"हात वर धरीन. पण हा कावळा तीन दिवसांचा आहे. माझ्या नाकाचा तरी विचार कर."

"उद्या ताजा आणतो."

"काल पण हेच म्हणालास."

माणसं येऊन बघून जायची. होड्या बांधणारा आन्सास सुतार दारातच थांबला.

"क्रिस्टुप, मावशीला कावीळ झाली का रे?"

"कावीळ पिवळी असते, आन्सासदादा. ही हिरवी आहे."

"मग जास्तच झालीय. डॉक्टरला दाखव."

क्रिस्टुप हसला नाही. त्याला समजावून सांगायचं होतं, की हिरवा मी लावलेला नाही, मला दिसला. पण सांगायला गेलं की तोंडातून 'वारा लाल होता' असंच काहीतरी बाहेर येणार, हे त्याला माहीत होतं.

चित्र पुरं झालं तेव्हा मावशी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"नाक माझं आहे," ती म्हणाली. "बाकीचं तुझं तू सांभाळ." आणि थोड्या वेळाने, "हे शहरात दाखव."

"कशाला?"

"तिथल्या खानावळीत आपले कावळे खाडीची कबुतरं म्हणून वाढतात. चांदीच्या काट्याने खातात मेले. कोण मारतं, कशाने मारतं, ते बघू तर देत. मला भिंतीवर चढव, क्रिस्टुप. म्हातारीचं एवढं कर."

मग ते दोघांचंही मागणं झालं.

शहरातल्या कलामंडळाचं प्रदर्शन दर मे महिन्यात भरायचं. क्रिस्टुपची चित्रं त्याआधी दोनदा परत आली होती, छापील चिठ्ठीसकट. या वेळी त्याने झाकण पोत्यात गुंडाळलं आणि आगबोटीवर चढवलं. अर्जावर नाव लिहिलं, चित्राचं शीर्षक लिहिलं, 'ऑक्टोबर'. चित्रावर सही केली नाही. खाली कोपऱ्यात त्याने सुरीने घरखूण कोरली. एक उभी रेघ, तिला दोन तिरप्या फांद्या. पुर्विनांच्या जाळ्यांच्या तरंगत्या बोयांवर, होडीच्या पुढल्या नाळेवर, कुऱ्हाडीच्या दांड्यावर, बापाच्या थडग्यावरसुद्धा तीच खूण होती. गावात आपल्या मालकीच्या वस्तूवर कुणी नाव लिहीत नाही. नाव परक्यासाठी. हे चित्र त्याचं होतं, कुऱ्हाडीइतकं त्याचं होतं, म्हणून त्याने खूण केली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. चित्र निवडलं गेलं होतं.

गावात पत्र हातोहात फिरलं. आन्सासने ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "शहरातसुद्धा कावीळ पसरली म्हणायची." पण संध्याकाळी तो बाटली घेऊन आला. मावशीने चर्चचा काळा झगा काढला, इस्त्री केला, दोनदा.

दोघं आगबोटीने क्रान्त्सच्या बंदरापर्यंत गेली, तिथून रेल्वेने. प्रदर्शनाच्या दालनात मावशीने क्रिस्टुपच्या कोपराला घट्ट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा ती हळू बोलत होती.

"कुठे आहे मी?"

"असशील पुढे."

पहिल्या दालनात नव्हती. दुसऱ्यात नव्हती. तिसऱ्यात डाव्या हाताला खिडकी होती, उजेड चांगला होता. तिथे, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, धुक्यात पाय बुडवून एल्क उभा होता. खाली पितळी पट्टी. 'ऑक्टोबर. क्रिस्टुप पुर्विन.'

क्रिस्टुपने पितळी पट्टी पुन्हा वाचली. मग कान तापले.

"ही मी नव्हे," मावशी म्हणाली.

मंडळाचे चिटणीस डॉक्टर वेंड्रोट होते. बोटांवर शाई, गळ्यात रेशमी रुमाल. त्यांनी क्रिस्टुपचा हात दोन्ही हातांत घेतला.

"पुर्विन! अभिनंदन. धुकं काय उतरलंय!"

"साहेब, चित्र उलटं टांगलंय."

डॉक्टरांनी एल्ककडे पाहिलं. "उलटं? पाय तर खाली आहेत."

"चित्र मागच्या बाजूला आहे."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला, आणि तो चांगला उजेड नव्हता. "ते चित्र आहे? अहो, आम्हाला वाटलं, तुम्ही फळीवर रंग करून बघितलेत. ब्रश पुसलेत. सही इकडे आहे. तिकडे नुसत्या सुरीच्या रेघा आहेत."

"ती माझी खूण आहे."

"खुणेवरून आम्हाला कसं कळणार? निवड समितीने हे पाहिलं, हे निवडलं. आता ते फिरवलं तर समितीने न पाहिलेलं चित्र लागेल. नियमात बसत नाही." ते जवळ आले. "आणि फिरवून काय करता? हे विकलं गेलंय. टीसलरसाहेबांनी घेतलंय, जेवणघरासाठी. असे आणखी दोन करून देता का विचारत होते."

"माझं चित्र भिंतीकडे तोंड करून राहील."

"सगळ्याच चित्रांची पाठ भिंतीकडे असते, पुर्विन."

मावशी इतका वेळ ऐकत होती. "साहेब," ती म्हणाली, "तुम्ही कबुतर खाता का? खाडीचं?"

"क्वचित. का?"

"काही नाही. दात चांगले आहेत तुमचे."

क्रिस्टुपने तिला बाहेर नेलं. पण जिना उतरण्याआधी डॉक्टरांनी त्याला थांबवून एक गोष्ट सांगितली, आणि ती त्याच्या डोक्यात रुतली. ज्या चित्रकाराचं चित्र प्रदर्शनात विकलं जातं, त्याचं पुढच्या वर्षीचं एक चित्र समितीपुढे जात नाही. ते थेट टांगलं जातं. काहीही असो.

"काहीही?" क्रिस्टुपने विचारलं.

"काहीही," डॉक्टर म्हणाले. "तुमची ती ब्रश पुसलेली फळीसुद्धा." आणि हसले.

परतीच्या आगबोटीवर क्रिस्टुप कठड्याच्या फळीची जाडी बोटांनी मोजत बसला. त्याला दोन्ही हवे होते. एल्क टीसलरच्या जेवणघरात जायला हवा होता, कारण त्याच्यामुळे भिंत मिळणार होती. आणि मावशी मोकळी व्हायला हवी होती, कारण भिंत तिच्यासाठी हवी होती. पण दोघं एका फळीला पाठीला पाठ लावून चिकटले होते.

"फाडायची," तो शेवटी म्हणाला.

"काय फाडायची?"

"फळी. जाडीतून. दोन पातळ फळ्या होतील."

मावशी म्हणाली, "पाव कापतात तशी?"

"हो. तशी."

"मला पाव नीट कापलेला कधी दिसला नाही तुझ्या हातून."

प्रदर्शन संपल्यावर त्याने झाकण परत मागून आणलं. टीसलरसाहेबांना कळवलं, फळी फार जड आहे, पातळ करून महिन्याभरात देतो. मग ती आन्सासकडे नेली. आन्सासने तिच्या कडेवर अंगठा फिरवला. एका डोळ्याने लांबीतून पाहिलं.

"अंगठ्याएवढी जाड. त्यात बाक आलाय. करवतीला जागा किती राहिली?"

"तू होडीच्या फळ्या फाडतोस. याच्या दुप्पट लांबीच्या."

"होडीच्या फळीला दोन्हीकडे तोंड नसतं, बाबा."

तरी तो तयार झाला. त्यांनी झाकणाच्या दोन्ही बाजूंना मावशीची लोकरी पांघरुणं लावली आणि वरून फळ्या आवळून ते कडेवर उभं केलं. आन्सास वर चढला. क्रिस्टुप करवतीचं दुसरं टोक धरून खाली खड्ड्यात उभा राहिला. वरून ओढ, खालून ओढ. भुसा क्रिस्टुपच्या डोळ्यांत, तोंडात, शर्टात. जुनं अक्रोडाचं लाकूड. त्याचा वास आईच्या कपड्यांसारखा येत होता. तो वास नको होता त्याला.

निम्मं अंतर सरळ गेलं. आन्सास शीळ घालायला लागला. दोन तृतीयांशावर शीळ थांबली.

"थांब. आत गाठ आहे."

"मग?"

"करवत सरकतेय. आता सरळ जाणार नाही. मी दाबलं तर एका अंगाला फुटणार." त्याने वरून खाली वाकून पाहिलं. घामाचा थेंब क्रिस्टुपच्या कपाळावर पडला. "कुणीकडे दाबू, सांग. मावशीकडे का हरणाकडे?"

"मधे नाही जमणार?"

"मधे गाठ आहे म्हटलं ना. मधे म्हणजे दोन्ही गेले."

क्रिस्टुपने हिशेब केला. एल्क वाचला तर भिंत मिळेल, आणि टांगायला काही नसेल. मावशी वाचली तर टांगायला असेल, आणि भिंत नसेल. पुन्हा काढता येईल मावशी, असं कुणीही म्हटलं असतं. सात वेळा पुसलेला चेहरा आठव्यांदा काढायचा. त्याला माहीत होतं की येणार नाही. एल्क मात्र तो डोळे मिटून काढू शकत होता, आणि म्हणूनच त्याला त्याची किळस होती. पण टीसलरला दुसरा एल्क चालणार नव्हता. नियमात विकलेलं चित्र म्हणजे हेच चित्र होतं.

"विकलेली वस्तू आहे, क्रिस्टुप," आन्सास वरून म्हणाला. "नीट विचार कर. विकलेलं हरीण आहे ते."

"हरणाकडे दाब."

"ऐकलंस का मी काय म्हटलं?"

"दाब म्हणतो ना!"

करवत एल्कच्या पोटातून बाहेर आली. मग धुक्यातून. मग शिंगांचा एक तुकडा ढलपीसारखा उडून खाली पडला. पांघरूण काढलं तेव्हा मावशीवर ओरखडा नव्हता. तिची फळी काही ठिकाणी बोटाएवढी जाड, काही ठिकाणी पुठ्ठ्याएवढी पातळ. पण चेहरा होता, दात होते, कावळा होता.

आन्सासने कपाळ पुसलं. "मावशीचं आयुष्य मोठं," तो म्हणाला. मग एल्कचे तुकडे गोळा करून नीट एकावर एक रचले, जसं काही ते परत जोडणार आहेत.

एल्क फाटल्याचं कळवल्यावर आलेलं मंडळाचं पत्र छापील नव्हतं. डॉक्टर वेंड्रोटनी स्वतः लिहिलं होतं. विक्री झालेल्या कलाकृतीची चित्रकाराने जाणूनबुजून नासधूस केली, हे मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं. पुर्विन यांचं नाव यादीतून काढण्यात येत आहे. कायमचं. खाली शाईने एक ओळ जास्तीची होती, 'फार वाईट वाटलं. धुकं फार चांगलं होतं.'

ते शेवटचं वाक्य क्रिस्टुपने कितीतरी दिवस सोडलं नाही. जाळं विणताना मधेच म्हणायचा, "धुकं चांगलं होतं." आणि गाठ चुकवायचा.

तरी तो फळी घेऊन शहरात फिरला. पुस्तकाच्या दुकानदाराने सांगितलं, माझ्याकडे बायका येतात. नाटकगृहाच्या व्यवस्थापकाने विचारलं, हिरवा का? क्रिस्टुप सांगायला लागला, पहाटेचा उजेड, वाळू, खालून पडणारा. व्यवस्थापकाने घड्याळ पाहिलं. एका खानावळीच्या मालकाने चित्र ओळखलं, नेमकं ओळखलं, आणि दार लावून घेतलं. गावातल्या सरायवाल्याकडे तर बोलायची सोयच नव्हती. त्याच्या जेवणाच्या यादीत कबुतर होतं.

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात प्रदर्शन भरलं. त्या आठवड्यात क्रिस्टुप खाडीवरून घरी आला तर फळी जागेवर नव्हती. मावशीही नव्हती. बाजाराच्या दिवशी ती धुरावलेल्या, सापासारख्या ईल माशांच्या आणि चपट्या माशांच्या टोपल्या घेऊन पहाटेच्या आगबोटीने जायची. आज टोपल्यांबरोबर मावशीने स्वतःलाही नेलं होतं.

तो दुसऱ्या आगबोटीने मागोमाग गेला. मासळी बाजारात नदीच्या कडेला विटांची जुनी भिंत होती. मावशीच्या जागेच्या मागे, त्या भिंतीवर, जाळ्याच्या दोरीने बांधलेली ती फळी टांगली होती. जरा तिरकी. खाली पिंपात सोललेले, बिनडोक्याचे कावळे. शेजारच्या कोळणी हसून बेजार झाल्या होत्या.

"उर्टे, तुझा नवरा म्हणूनच लवकर गेला का गं?"

"त्याला मी कधी चावले नाही. तुझ्या नवऱ्याला विचार."

एक टोपीवाली बाई थांबली. चित्राकडे पाहिलं, पिंपाकडे पाहिलं, परत चित्राकडे.

"हे काय आहे?"

"मी," मावशी म्हणाली. "आणि तुमचं जेवण."

बाई गेली. त्या दिवशी पिंपातला एकही कावळा विकला गेला नाही.

क्रिस्टुप टोपल्यांतून वाट काढत जवळ आला. "मावशी, उतरव ते."

"का?"

"हा मासळी बाजार आहे."

"भिंत आहे ना? शहराची आहे ना? तुला काय हवं होतं, तू सांग."

"खारं पाणी उडतंय. तेल सुटेल. उजेड उजवीकडून येतोय."

"मग मी डावीकडे तोंड करू का?"

तेवढ्यात बाजाराचा शिपाई आला. जाड मिशा, हातात वही. मासळीच्या ओळीत चित्रं विकायला परवानगी नाही, तो म्हणाला. चित्रांची ओळ वेगळी, चर्चच्या मागे.

"विकायचं कोण म्हणतंय?" मावशी म्हणाली. "पाटी आहे ही. माझ्या दुकानाची."

शिपायाने पाटीकडे पाहिलं. अर्धं पाऊल मागे गेला. "पाटीवर विकणाऱ्याचं नाव लागतं. अन् माल काय ते. नाव नाही, तर पाटी नाही. उतरवा."

मावशीने क्रिस्टुपकडे पाहिलं. त्याला काय मागितलं जातंय हे कळायला थोडा वेळ लागला.

"नाही," तो म्हणाला.

"अक्षरं लहान काढ."

"नाही म्हणतो ना! दोन वर्षं घातलीत मी त्यात. त्याच्यावर मासळी लिहू?"

"मग घरी ने. पेटीला झाकण कर परत." ती स्टुलावर बसली. अचानक थकलेली दिसली. "मला काय, क्रिस्टुप. मी भिंतीवर गेले काय अन् पेटीवर गेले काय. बोलण्यात आजचा दिवस गेला."

शिपाई वही मिटून वाट पाहत होता. नदीवरून वारा येत होता. क्रिस्टुप शेजारच्या होडीवाल्याकडे गेला आणि पांढऱ्या रंगाचा डबा आणि बारीक ब्रश मागून आणला. त्याने चित्र उतरवलं, पिंपावर आडवं ठेवलं, आणि खालच्या काळ्या पट्टीत लिहिलं, 'उर्टे ग्रिगोलाइट. मासळी.' तो चिडलेला होता. तरी अक्षरं वाईट काढता येईनात. सगळ्या अक्षरांची उंची सारखी आली.

"आता बरोबर," शिपाई म्हणाला आणि वहीत नोंद केली.

पाटी तिथे राहिली. बाजाराच्या प्रत्येक दिवशी मावशी ती टांगायची आणि संध्याकाळी वखारीत ठेवायची. कावळे विकणं तिने सोडलं. कुणी घेतच नव्हतं. खानावळवाले लांबून वळसा घालून जायचे, आणि ते पाहून ती दिवसभर खूश असायची. क्रिस्टुप खूश नव्हता. मीठ रंगात शिरत होतं. हिरव्याला पुरळ येत होता. महिन्यातून एकदा तो यायचा, ब्रश काढायचा, आणि हळू आवाजात शिव्या देत चेहरा दुरुस्त करायचा. दर वेळी त्याला वाटायचं, गाल थोडा आणखी खाली हवा होता. दर वेळी अक्षरांकडे बघायचं नाही असं ठरवून तो अक्षरांकडे बघायचा. कितीदा त्याने काळ्याने ती झाकली आणि शिपाई यायच्या आत पुन्हा लिहिली.

त्याने नंतर पुष्कळ चित्रं केली. बर्फातली माणसं, जाळी ओढणारे हात, लाल वारा. कलाशाळेतून कुणी आलं नाही. गावातल्या घरात ती एकावर एक रचलेली असायची, आणि पावसाळी हवेत एकमेकांना चिकटायची.

एकदा तो पाटीसमोर बसून डोळ्याखालची रेघ भरत होता. पाठीमागे कुणीतरी बराच वेळ उभं होतं. चष्मेवाला तरुण, काखेत विद्यापीठाची पुस्तकं. ईल घ्यायला आला होता आणि ईल विसरला होता. त्याचं तोंड उघडं होतं.

"हे कुणी केलं?" त्याने मावशीला विचारलं.

"आमच्यातलाच आहे एक," मावशी मासे कागदात गुंडाळत म्हणाली. "पाट्या रंगवतो."

क्रिस्टुपचा ब्रश थांबला. त्याला पुष्कळ बोलायचं होतं. पहाटेबद्दल, सात चेहऱ्यांबद्दल, पोटातून फाटलेल्या एल्कबद्दल. त्याने ब्रश पुन्हा रंगात बुडवला.

"जरा बाजूला व्हा," तो म्हणाला. "उजेड अडतोय."

तरुण बाजूला झाला. पण गेला नाही.